संपल्यानंतरचा हुंकार

१

"तुम्हीच केलंत, वन्सं! मी काय बहिरी आहे?"

"बहिरी नाहीस, हट्टी आहेस. मी तोंड उघडलेलंच नाही."

"हुंकाराला तोंड कशाला उघडावं लागतं? नाक पुरतं. आणि नाकाच्या बाबतीत तुमच्या घराण्यात देवानं हात आखडता घेतलेला नाही."

"ते नाक तुझ्या नवऱ्यालाही होतं, वहिनी!"

"होतं ना. म्हणूनच आवाज घरचा वाटला."

हे भांडण भर दुपारी, चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून, मागच्या खोलीत चाललं होतं. दुकान जिच्या नावानं ओळखलं जाई ती चष्मेबाई एका बाजूला. दुसऱ्या बाजूला तिची नणंद, शाळेच्या कचेरीत जन्म घालवून निवृत्त झालेली. चष्मेबाई तिला वन्सं म्हणे, अहोजाहो करी, आणि त्या अहोजाहोच्या आडून मनसोक्त बोचकारे काढी. बाकावर दोन साक्षीदार बसले होते: निवृत्त कंपाउंडर आणि कोपऱ्यावरची बेकरीवाली. दोघंही भांडण संपण्याची वाट पाहत होते आणि ते लवकर संपू नये अशी आशाही करत होते.

भांडणाचं कारण एक शिडी होती.

या खोलीत दर आठवड्याला वाचनमंडळ भरे. त्या दिवशी मंडळात वाचलेल्या गोष्टीत गावातले दिवे लावणारा एक म्हातारा होता. रोज संध्याकाळी तो खांद्यावर शिडी घेऊन निघे. एके दिवशी त्यानं शेवटच्या खांबावरचा दिवा लावला, खाली उतरला आणि शिडी तशीच ठेवून चालता झाला. शेवटचं वाक्य होतं, 'शिडी खांबाला टेकून उभी होती.' बस. चष्मेबाईनं ते वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं, आणि आता सगळ्यांनी गप्प बसून त्या शिडीकडे पाहावं एवढा वेळ सोडला.

त्या शांततेत कुणीतरी म्हणालं, "हं."

वाहवाचा हं नव्हता तो. गोष्ट चालू असताना ऐकणारा देतो तो, पुढं सांग म्हणणारा. बाईमाणसाचा आवाज, जरासा नाकातला.

"गोष्ट संपल्यावर कसला हुंकार?" चष्मेबाई कडाडली होती. "लेखकानं शिडी टेकवली आणि तो गेला. आता तुम्ही कोण ती उचलून घरी नेणाऱ्या?"

वन्संवर आळ यायला आधार होता. कुठलीही गोष्ट संपली की "मग पुढं काय झालं?" हे त्यांनी विचारलं नाही असा आठवडा गेला नव्हता. नायिका नदीत उडी टाकून मेली तरी त्या विचारत, "पण कपडे वाळवले का कुणी तिचे?"

"विचारायचं असतं तर उजळ माथ्यानं विचारलं असतं," वन्सं म्हणाल्या. "नेहमी विचारते तसं. चोरून हं कशाला करीन?"

यात तथ्य होतं. म्हणूनच चष्मेबाईला जास्त राग आला.

२

हुंकाराचा नियम चष्मेबाईनंच केला होता, कंपाउंडर झोपायचा म्हणून. डोळे उघडे ठेवून झोपण्याची कला त्यानं दवाखान्यात कमावली होती. तेव्हा ठरलं की परिच्छेद संपला की सगळ्यांनी हं म्हणायचं. हुंकार आला नाही तर वाचन थांबेल, आणि आला तर वाचणाऱ्यानं पुढं गेलंच पाहिजे. नियमाचं दुसरं टोक वन्संनी आग्रहानं घालून घेतलं होतं, कारण चष्मेबाई ऐन रंगात आलेली गोष्ट थांबवून लोकांना भाषेवर व्याख्यान देई.

जुन्या नावाजलेल्या गोष्टींचा एक जाडजूड संग्रह होता. त्याची सुरुवातीची पानं गळाली होती, त्यामुळे कुठली गोष्ट कुणाची हे कळायला मार्ग नव्हता. "बरंच झालं," चष्मेबाई म्हणे. "नाव वाचून माना डोलवायची सोय राहिली नाही. आता गोष्ट वाचा आणि स्वतःच्या अकलेनं बोला."

खोली म्हणजे डोळे तपासायची जुनी खोली. लांबी अपुरी, म्हणून अक्षरांचा तक्ता समोर नसून रोग्याच्या खुर्चीमागं टांगलेला, उलट्या अक्षरांचा. आणि समोरच्या भिंतीवर मोठा आरसा. रोग्यानं आरशात बघायचं, तिथं अक्षरं सुलटी होत. लग्न होऊन आली तेव्हा चष्मेबाईला अक्षरओळख नव्हती. ती याच तक्त्यावर शिकली, दुपारी नवरा जेवायला गेला की रोग्याच्या खुर्चीत चढून. "लोक लहानाचे मोठे होतात," ती सांगे, "मी मोठ्या अक्षरापासून लहानापर्यंत आले. म्हणून मला बारीकसारीक दिसतं."

ती लोखंडी खुर्ची अजून मधोमध होती, उंच पाठीची. तिच्या हाताला, काचा बदलून पाहायची गोल फ्रेम लटकलेली असे. खुर्चीत कुणी बसत नसे, पाय अधांतरी लोंबत म्हणून. मंडळी बाजूच्या बाकावर बसत. चष्मेबाई खुर्चीच्या मागं, तक्त्याच्या दिव्याखाली स्टूल टाकून वाची. खुर्चीची नुसती पाठ तिच्यासमोर असे. पुढची बाजू दिसायची ती आरशात.

या खोलीवर तिच्या लेकीचा डोळा होता. दुकान आता लेक चालवी. तिला तिथं नवं यंत्र बसवायचं होतं, ज्यात हनुवटी टेकवली की डोळ्याचा नंबर आपोआप छापून येतो.

"आणि माणसाला विचारायचं नाही, हे बरं दिसतं की ते बरं?"

"गरजच नाही, आई."

"गरज नाही कशी? आयुष्यात दुसरं कुणी विचारतं का त्यांना?"

शेवटी करार झाला. जोवर मंडळ भरतंय तोवर खोली मंडळाची. पण मंडळ म्हणजे निदान तीन माणसं. दोघी नणंद-भावजया भांडत बसल्या तर ते मंडळ नव्हे, ते घर. आणि तपासायला लेक येणार नाही, आईनं सांगितलेलं धरून चालेल. "भांडेल, टोचेल, पण खोटं नाही बोलणार," ती यंत्रवाल्यालाही सांगून बसली होती. चष्मेबाईला त्याचा अभिमान होता. खोटं बोलणं म्हणजे दुसऱ्याला भिणं, असा तिचा हिशेब.

३

पुढच्या आठवड्यात चष्मेबाईनं पुराव्यानिशी आरोप सिद्ध करायचं ठरवलं. कंपाउंडरला नळी आणायला सांगितली, छातीला लावून ऐकायची ती. दवाखान्यानं निरोपसमारंभात त्याला शाल दिली होती. नळी त्यानं स्वतःच घेतली होती.

"गोष्ट संपत आली की नळी वन्संच्या गळ्याला लावायची. हुंकार गळ्यातून निघाला की कानात ढोल वाजेल."

"लाव बाबा," वन्सं मान ताठ करून म्हणाल्या. "आणि निर्दोष सुटले तर हिला माझी माफी मागायला लाव."

गोष्ट होती एका कुलपं करणाऱ्याची. तो असं कुलूप करतो की ज्याला किल्लीच नाही. कारागिरी बघायला लोक येतात. रात्री तो ते आपल्याच दाराला बाहेरून लावतो आणि ओट्यावर बसतो. आत कुणीही नाही. शेवटचं वाक्य: 'आणि त्याला आतून कडी लागल्याचा आवाज आला.'

"बघा," चष्मेबाईनं पुस्तक न मिटताच सुरू केलं, "'कडी लागली' असं नाही लिहिलेलं. 'आवाज आला' लिहिलंय. कडीला कुणी हात लावला ते लेखक दाखवत नाही. फक्त कान देतो आपल्याला. याला म्हणतात लिहि—"

"हं."

कंपाउंडरनं मान हलवली. "इथून नाही."

"नीट लावा."

"बाई, यांच्या गळ्यात आवंढ्याशिवाय काही नाही."

वन्संनी विजयानं पाहिलं, पण ते पाहणं अर्ध्यातच राहिलं. कारण कंपाउंडर उठला होता. त्यानं बेकरीवालीच्या गळ्याला नळी लावली. मग स्वतःच्या. मग भिंतीला, कारण पलीकडं चपलांचं दुकान होतं. मग सहज म्हणून, खरंच सहज, रोग्याच्या खुर्चीच्या पाठीला.

तो तिथं बराच वेळ वाकून राहिला. मग नळीची गुंडाळी करून त्यानं खिशात घातली.

"काय ऐकू आलं?" चष्मेबाईनं विचारलं.

"काही नाही."

"मग तोंड असं का?"

"काही ऐकू आलं नाही, बाई. पण..." त्यानं शब्द शोधला. जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं वाचून बाटल्या भरलेला माणूस, त्याला स्वतःचा शब्द सापडेना. "कुणीतरी ऐकतंय, असं ऐकू आलं."

तो पुन्हा मंडळात आला नाही. रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, हल्ली दुपारी झोप येते. इतकी वर्षं त्याच कामासाठी तो मंडळात यायचा, हे चष्मेबाईनं त्याला तोंडावर सुनावलं.

४

बेकरीवाली मनानं मोकळी. तिचं म्हणणं, एवढं कुणी पुढं सांगा म्हणतंय तर सांगावं, त्यात काय बिघडतं? गिऱ्हाईकाला नाही म्हणणं तिच्या रक्तात नव्हतं. शिवाय नियम नियमच होता: हुंकार आला तर पुढं जायचं.

"अजिबात नाही," चष्मेबाई म्हणाली. "संपलेल्या गोष्टीला शेपूट लावणं म्हणजे पुतळ्याला स्वेटर घालणं."

पण त्या आठवड्यात कुलपाचीच गोष्ट पुन्हा वाचायची ठरली होती, तिच्या व्याख्यानाचा उरलेला भाग व्हायचा होता म्हणून. शेवटचं वाक्य झालं, हं आला, आणि चष्मेबाईनं तोंड उघडायच्या आत बेकरीवाली सुरू झाली.

"मग तो उठला आणि दाराशी गेला."

"हं."

"त्यानं हाक मारली. आतून उत्तर नाही. मग तो मागच्या बाजूनं गेला."

"हं."

वन्सं मांडीवर हात ठेवून ऐकू लागल्या. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पुढचं कुणीतरी सांगत होतं. बेकरीवालीलाही रंग चढला. कुलूपवाल्याची बायको आली, दीर आला, भांडण झालं. हं. हं. हुंकार अगदी वेळेवर पडत होता, चांगल्या ऐकणाऱ्याचा. चष्मेबाईला कबूल करावं लागलं, कंपाउंडरपेक्षा कितीतरी सरस. पण गोष्ट पातळ होत चालली होती. कुलूपवाला पहाटे उठायला लागला. त्याच्या घरात भट्टी आली. पिठाचा हात त्यानं फडक्याला पुसला. आता तो कुलूपवाला उरलाच नव्हता, हे बेकरीवाली सोडून सगळ्यांना कळत होतं.

"उद्या सोमवार," ती सांगत होती, एका सुरात, जणू वाचून दाखवतेय. "मी नेहमीसारखी भट्टी पेटवली. पुढचं दार कुणीतरी वाजवलं. एवढ्या लवकर कोण म्हणून मी गेले. कडी काढली, दार उघडलं तर—"

"हं," खोली म्हणाली. या वेळी जरा घाईनं.

बेकरीवालीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पिशवी उचलली, छत्री विसरली, निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून बेकरीचं पुढचं दार बंद. गिऱ्हाइकांनी मागच्या बोळातून यायचं. का म्हणून विचारलं तर म्हणे, पुढं ऊन फार येतं. ते दार उत्तरेला आहे.

५

उरल्या दोघी.

चष्मेबाई भित्री नव्हती, आणि आपण भित्री नाही हे स्वतःला वारंवार सांगायची तिला गरज पडू लागली होती. तिनं कारणं तपासली. नळाचा पाइप? तो दुसऱ्या भिंतीत. चपलांच्या दुकानातला मालक? तो हं कधी म्हणत नसे, सरळ नाही म्हणे. खुर्चीचा पेच ढिला? तिनं तेल घातलं. दिवसभर खुर्ची गप्प होती. चष्मेबाईनं जाताजाता वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्यानं वाचून पाहिली. काही नाही. म्हणजे बातम्या चालत नव्हत्या. गोष्टच हवी होती, आणि तीही चांगली. या आवडीनिवडीचं तिला क्षणभर कौतुक वाटलं, आणि मग आपल्याला कौतुक वाटलं याचाच काटा आला.

वन्सं घरी आल्या त्या चहालाही थांबल्या नाहीत.

"वहिनी, एक वाक्य म्हण. 'वन्सं, ते तुम्ही नव्हता.' एवढंच. मग मी येते. नाहीतर बस एकटी."

"एकटी कशी? तुमच्या मते तिथं कुणीतरी आहे ना?"

"माझ्या मते आहे. तुझ्या मते मी आहे. ठरव काय ते."

अडचण तिथंच होती. ते तुम्ही नव्हता, असं म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येणार, मग कोण होतं? आणि पुढचे प्रश्न विचारायचे नसतात, हे तर चष्मेबाई जन्मभर वन्संना शिकवत आली होती.

"शेवटचं एकदा या," ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं ही विनवणी होती. "लेकीनं यंत्र मागवलंय. दोघींचं मंडळ होत नाही, खोली जाणार. ज्या भिंतीवर मी 'अ' शिकले, तिथं ती प्लग लावणार आहे."

वन्संनी नाकावरचा चष्मा वर सारला. "शिडीची वाचशील?"

"तीच का?"

"मला अजून कळलेलं नाही ती कुणी नेली."

६

त्या दुपारी बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला तेव्हा म्हातारा शेवटच्या खांबापाशी पोचला होता. लेक शटर वर करत होती. खोक्यावरचा प्लास्टिकचा कागद फाडला जात होता. चष्मेबाईनं आवाज चढवला आणि वाचत राहिली. प्रत्येक परिच्छेदाला बाकावरून वन्सं हं म्हणत. एकच हं. दुसरा नाही. चष्मेबाईच्या खांद्यांवरचा भार उतरू लागला. पाइपच असणार.

"'शिडी खांबाला टेकून उभी होती.'"

पुस्तक मिटलं. शांतता नीट बसली.

"हं."

चष्मेबाईनं बाकाकडं पाहिलं. वन्संनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि वरून दोन्ही हात दाबले होते. डोळे मोठे झालेले.

"नाक मोकळं आहे तुमचं," चष्मेबाई म्हणाली, पण स्वतःलाच ते लंगडं वाटलं.

वन्संनी बोळा काढला. "वहिनी, आता तरी! मी बसलेय इथं, आवाज आला तिथून!"

"तिथं कुणी नाही. तुम्हाला बाजूनं दिसतेय ना खुर्ची? आहे कुणी?"

"खुर्ची रिकामी आहे," वन्सं म्हणाल्या. "पण ती फ्रेम कुठं गेली?"

चष्मेबाईसमोर खुर्चीची नुसती पाठ होती. तिनं आरशात पाहिलं.

खुर्ची रिकामी होती. गोल फ्रेम मात्र खुर्चीच्या हाताला नव्हती. ती वर होती, फक्त आरशात, बसलेल्या माणसाचा चेहरा जिथं येतो तिथं. धंद्याच्या सवयीनं चष्मेबाईच्या लक्षात आधी हे आलं की ती डावीकडं किंचित कललेली आहे, म्हणजे एक कान खाली असणार. मग डाव्या काचेवर वाफ धरली. विरली. पुन्हा धरली. फ्रेम हळूच वर सरकली, नाकावर घसरलेली आपण बोटानं सारतो तशी, आणि दोन्ही काचा आरशातून चष्मेबाईकडं वळल्या. बारीक अक्षराशी झटणारी नजर असते ना, तिचा सगळा ताण तेवढ्या वळण्यात होता.

"हं?" आता त्यात प्रश्न होता.

दार वाजलं. "आई! दार उघड."

"कडी कशाला लावलीत, वन्सं?" चष्मेबाई पुटपुटली.

"मी? मी बाकावरून उठलेच नाही. तू लावलीस."

दोघींनी दाराकडं पाहिलं. कडी आतून लागलेली होती.

"आई, यंत्र आलंय, माणसं खोळंबलीत," बाहेरून लेक म्हणाली. "कंपाउंडरकाका चौकात भेटले मला, बेकरीवाल्या मावशी दुकानात आहेत. तू आणि आत्या दोघीच आहात ना आत? ठरलं होतं, आई. दोघींचं मंडळ नसतं."

"सांग तिला," वन्सं कुजबुजल्या. इतक्या घाबरलेल्या असूनही त्यांच्या डोळ्यांत जुनं भांडण चमकलं. "म्हण, दोघीच आहोत. म्हणजे हं मीच केलं. जिंकलीस तू. आणि घालव खोली."

चष्मेबाईच्या हातात पुस्तक होतं. तिच्या मागं, तक्त्यावर, ती अक्षरं होती ज्यांनी तिला माणूस केलं होतं. खुर्चीतून दिसतात तशी, आरशात, सुलटी. तिलाही एकदा त्याच खुर्चीत बसून पाय लोंबत असताना फार वाटलं होतं, कुणीतरी पुढचं सांगावं. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

"बोल ना, आई. खरं सांग. किती जणी आहात?"

काचेवर वाफ धरली आणि थांबली. श्वास रोखून धरल्यासारखी.

चष्मेबाईनं पुस्तक बाजूला ठेवलं, पदर खोचला, आणि दाराकडं तोंड करून, पण नजर आरशातून न हलवता, खणखणीत आवाजात सांगितलं, "तिघी आहोत आम्ही, आणि गोष्ट अजून संपलेली नाही."